पाणी आत न घेणारं कापड

सोलापूर, रविवार

प्रिय चैताली,

सप्रेम जय भीम. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर कीर्ती माझ्या हातातून फोन ओढून घेते, आणि रेंज गेली की अर्धं बोलणं तुमच्या डोंगरातच राहतं. श्रीशैलची रजा संपली, उद्या तो अक्कलकोटहून निघतोय. तुझं जॅकेट आणि हे पत्र त्याच्याकडंच देतोय. एकाच साइटवर दोघं काम करता, त्यामुळं पोचेल याची खात्री.

आधी जॅकेटचं सांगतो. जाताना नवी पेठेतून घेतलेलं ते गुलाबी जॅकेट किती ऐटीत घातलं होतंस! दुकानदार म्हणाला, "बर्फातबी चालतं, मॅडम," आणि आपण लगेच विश्वास ठेवला. थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त, एवढीच आपली समज. मग त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ते शेगडीपाशी वाळत घातलेलं दिसलं. ओला बर्फ पडला, खांद्याच्या शिलाईतून पाणी शिरलं, आतला कापूस भिजून गोळा झाला, आणि तू तशीच संध्याकाळपर्यंत रस्त्याची मापं घेत उभी होतीस. हे सगळं तू हसत सांगितलंस. पण कप दोन्ही हातांनी धरला होतास आणि तरी तो हलत होता. कीर्तीनं विचारलं, "आई का थरथरतीय?" मी म्हटलं, नेटवर्क खराब आहे, त्यानं चित्र हलतंय.

तुला माहीत आहे, माझी सगळी नोकरी एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेली. कापड पाणी किती पटकन पितं, त्यावर आमचा माल पास होतो. आणि आता मला शोधायचं होतं पाण्याला दारातच अडवणारं कापड! पहिलं मागवलं ते निव्वळ रेनकोट निघालं. ते घालून मी शॉवरखाली उभा राहिलो. बाहेरचं पाणी आत आलं नाही, पण नंतर जिना चढउतार केला तर माझ्याच घामानं शर्ट चिंब. चढावर काम करणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? दुसरं चांगलं उबदार होतं, पण हात वर केला की कंबर उघडी पडायची. ते घालून शॉवरखाली उभा असताना आईनं दार वाजवलं. "आरं, आंगूळ करायची तर कापडं काढून कर की! येड लागलं का काय?" मग तिला सगळं सांगावं लागलं. तिसरं आलं तेव्हा तिनंच तांब्यानं माझ्या खांद्यावर पाणी ओतलं, आत हात घालून चाचपलं आणि म्हणाली, "कोरडं हाय. हेच धाड तिला."

हे दोन थरांचं आहे. बाहेरचा वारा आणि पाणी अडवतो, त्याच्या शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेली आहे. आतला ऊब देतो, थोडा ओलसर झाला तरी. दोन्ही वेगळे करता येतात. काखेत चेन आहे, चढावर घाम आला की उघड. टोपी हेल्मेटवरून बसते, ते आमच्या वायरमनचं हेल्मेट घालून बघितलं. आतून स्वेटर घालता यावा म्हणून एक माप मोठं घेतलंय. रंग नारंगी आहे, तुला आवडणार नाही, पण बर्फ काढणाऱ्या मशिनवाल्याला तू लांबून दिसायला हवीस. चेनला मी जाड नाडी बांधलीय, हातमोजे न काढता ओढता येईल.

इकडं सगळं बरं आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता तांदळातला खडा तिलाच आधी दिसतो. कीर्तीचं म्हणशील तर लपवत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांच्या आया पुढं बसलेल्या बघून ती हिरमुसली. त्यात मी घातलेला अंबाडा सुटला. आईनं स्टेजमागं जाऊन तो पुन्हा बांधला, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पोरगी नाचली. काय सांगितलं ते दोघीही मला सांगत नाहीत.

आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. परवा श्रीशैलला जॅकेट घालून बघायला बोलावलं, तुमची उंची सारखीच म्हणून. आरशासमोर उभा राहून तो म्हणाला, "मजबूत हाय की! वैनी तिकडं राहिल्या तर तीन हिवाळे निघतील." मी म्हटलं, तीन कसले, मार्चमध्ये ती परत येतीय. त्यानं घाईघाईनं जॅकेट उतरवायला घेतलं. आईनं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की पुढच्या टप्प्याचं, तीन वर्षांचं सगळं काम साहेब तुझ्या हाताखाली देत होते आणि तू घरी एक शब्द न विचारता नाही म्हणून टाकलंस. मला लागलं ते. दोन दिवस फोनवर मी तुटक बोलत होतो, ते त्यामुळं. शेवटी आईच म्हणाली, "मी बिड्या वळायला जायची तवा तुला शेजारणीपाशी ठिवूनच जायची. तू काय वाया गेलास व्हय? तिला म्हणावं, कर. लेकराचं आमी बघतो." तुझ्याशिवाय मला करमत नाही, चैताली. संध्याकाळी गेट उघडताना अजूनही आत तुझा आवाज येईल असं वाटतं. पण त्या रस्त्याबद्दल बोलताना तुझा आवाज जसा होतो, तसा आठ वर्षांच्या संसारात मी कधी ऐकला नव्हता. तो बंद पाडून तुला घरी आणायचं मला जमणार नाही. साहेबांनी अजून दुसरं कुणी नेमलेलं नाही, असं श्रीशैल सांगतो. पत्र वाचून झालं की त्यांच्याकडं जा आणि हो म्हण. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं तिकडं येतोय.

तुझाच,
प्रदीप