मला न येणारा वास

नारायणगाव,
ता. ९ फेब्रुवारी २००८

ती. दादा यांस,
सुदर्शनचा नमस्कार.

आईच्या गुडघ्यांना आराम असेल. कांदा काढायला माणसं मिळाली का? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो.

आमच्या टायपिंगच्या दुकानात कॉलेजच्या एका सरांचा लेख आला. शुद्धलेखनासाठी मी तो नीट वाचला. वास ओळखायला नाकात शेकडो प्रकारची प्रथिने असतात आणि प्रत्येक प्रथिनाचा जनुक वेगळा. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. काही जणांत घामातल्या एखाद्या वासाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. त्यांना तो वास जवळपास येतच नाही, शेजारच्याला मात्र झोंबतो. माझं तसंच आहे हे तपासल्याशिवाय सांगणार नाही, असं सर म्हणाले. पण असू शकतं.

दिवाळीत माझ्या बायकोच्या अंगाला वास येतो हे दाखवायला तू हर्षालीचा ब्लाउज शेजारच्या गेणभाऊंसमोर माझ्या नाकाला लावलास. ती चुलीपाशी उभी होती. मी म्हणालो, वास नाही. गेणभाऊ हसले, "राव, बारा म्हयनं सर्दी हाय का तुला?" आई म्हणाली, "तिनं नाक बांधलंय माझ्या लेकाचं." मग निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. करणी असली तर ठसका लागत नाही, असं आपल्यात म्हणतात. मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकलो. तरी तू म्हणालास, "लई जबर करणी हाय." आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना तिला माहेरी, पिंपरी पेंढारच्या एसटीत बसवलंस.

आईला हे वाचून दाखव. माझं नाक असं असेल, तर त्यातलं निम्मं तिनेच दिलेलं आहे.

एक लिहायचं टाळत होतो. मी तिच्या माहेरी गेलो तेव्हा ती टाचा घासायच्या वजरीने अंग घासत होती. दंडांची साल निघाली होती. मला जवळ येऊ देईना. म्हणाली, "तुमाला येत न्हाई, पण मला आता येतो."

हे तुम्ही केलंत, दादा. चांगल्या नाकाच्या माणसांनी.

पुढच्या रविवारी मंचरला माझ्यासाठी मुलगी बघायला जाणार आहेस असं कळलं. जाऊ नकोस. काडीमोडाच्या कागदावर मी सही करणार नाही. हर्षालीला मी काल इथे खोलीवर आणलं आहे. तू आलास तर उंबऱ्याबाहेर उभा राहून आधी तिच्याशी बोल. ती आत या म्हणाली, तरच आत ये.

हर्षालीचा नवरा,
सुदर्शन