पंचवीस अक्षरं, दहा आकडे

अहो,

मी शेलारला आईकडे चाललेय. भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्यात, सुकटीचं कालवण शेगडीवर आहे, गरम करून घ्या.

दापोड्याच्या गोदामातल्या दिपाली मॅडमचा जुना कॉम्प्युटर टेबलावर आहे, हात लावलेला नाही. यंदा चौथ्यांदा दुरुस्तीला आलाय. एवढ्या वेळा तर तुमच्या ताईही माहेरी येत नाहीत. काल तुम्ही त्यात विंडोज पुन्हा टाकत होतात, तेव्हा मी चहा घेऊन मागेच उभी होते. लायसन्सचं स्टिकर केव्हाच पुसून गेलंय, तरी त्यावरची पंचवीस अक्षरं तुम्ही ओवी म्हणावी तशी गुणगुणत टाइप केलीत. एकदाही अडला नाहीत. चहा माझ्या हातातच निवला.

आणि परवा दवाखान्यात केसपेपरवर लिहायला माझा नंबर विचारला, तर तुम्ही मोबाइल काढून, बघून सांगितलात.

ती अक्षरं आज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर मार्करने लिहून द्या. पुढच्या वेळी कुणीही टाकेल.

मोबाइल तुम्ही चार्जिंगला विसरून गेलात, तो मी सोबत नेतेय. मला घरी आणायचं मनात आलं, तर मुदस्सिरभाईंच्या दुकानातून फोन लावा. दहाच आकडे आहेत.

कमळ