रेघेची जाडी

मंगळवार, ४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मला देश उरला नाही. भांडी विसळत होते. दोन्ही देशांचे मोजणीदार फीत घेऊन बुटांसकट स्वयंपाकघरात शिरले. बाई, तुम्ही आमच्या नाहीत, असं दोघांनीही अदबीनं सांगितलं. नव्या तहाच्या नकाशात सीमेची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. जमिनीवर ते पंचवीस मीटर होतात, आणि तेवढ्यात माझं घर परसासकट मावतं. रेघ कोणत्या देशात येते, असं मी विचारलं. त्यावर एक जण म्हणाला, रेघ देशात नसते, देश रेघेपर्यंत असतो.

नकाशाखाली सही तुझी!

सीमा काय, पूर्वीही सरकली. मी इथे आले तेव्हा ती नदीत होती. नदीनं पात्र बदललं, ती सरकली. युद्ध झालं, ती टेकडीवर चढली. पण दर वेळी मी कुठेतरी होते.

रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं. तेच मी तीस वर्षं मुलींना शिकवलं, तुलाही. पण तू पेन्सिल दाबून लिहिणारा. तुझी वही चार पानं मागूनही वाचता यायची. बारीक रेघ काढ आणि मला एका बाजूला टाक.

तोवर रागावलेली,
ताई

सोमवार, १० मार्च

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचताना कान आपोआप लाल झाला.

सीमा कशी ठरते ते ऐक. दोन्हीकडचे मंत्री टेकडीवरून नऊ तास भांडले. तिथे एक बाभूळ आहे. तुझ्या गल्लीला चार मिनिटं मिळाली, कारण एकाची गाडी सुटत होती. ठरलेली रेघ तुझ्या फाटकापुढून जात होती. म्हणजे तू पलीकडे, मी अलीकडे. पत्राला परवाना, त्याला सहा आठवडे, वर कुणीतरी उघडून वाचणार. मी रुंद टाक घेतला. जाडी तहात लिहिलेली नसते. दोघांनी सह्या केल्या. रेघेतलं पत्र उघडायचा अधिकार आता कुणालाच नाही.

एकतीस तारखेला मी निवृत्त होतोय. नकाशा २८ तारखेला दुपारी छापायला जाईल. तोवर रेघ बारीक करता येईल. कोणती बाजू हवी, कळव. क्वार्टर सोडायची आहे, त्या गडबडीत आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

शनिवार, १५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मूर्खा, हे आधी कळवायचं होतंस. मी मोजणीदारांना नाही नाही ते बोलले. दोघंही आता बूट बाहेर काढतात.

रेघेला हात लावायचा नाही. भूमितीचं मी बघून घेईन. सिस्टर हयात नाहीत.

मात्र एक दुरुस्ती. मी फीत मागून घेतली आणि स्वतः मोजलं. रेघ आणखी पाव मिलिमीटर जाड केलीस, तर शेजारचं रिकामं घर आत येतं. दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, छप्पर धड. क्वार्टर सोडून तू जाणार कुठे, हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे तुला ठाऊक नाही.

टाक अजून दाबता येतो ना? होय की नाही, ते लेखी हवं, शुक्रवार २८ मार्च, दुपारी बाराच्या आत. अक्षर नेहमीसारखं, दाबून.

वाट बघणारी,
ताई