बिस्किटची उजवी बाजू

२४ मे

पाडलं! पहिल्याच रोडिओत, पहिलंच पिंप! घोडा दौडवत तीन पिंपांना वळसे घालायचे, एक जरी पडलं तरी पाच सेकंदांचा दंड, म्हणजे खेळ खलास. वर निवेदक माइकवरून सांगतोय, "पोरगी नवी आहे हो, टाळ्या तरी द्या तिला!" टाळ्या! त्यापेक्षा टोमॅटो फेकले असते तर बरं वाटलं असतं.

घोडीची चूक नाही. मी पिंपाकडे बघत बसले. आई लहानपणापासून कानीकपाळी ओरडतेय — पिंपाकडे बघशील तर पिंपावरच जाशील, वळायच्या जागेकडे बघ.

उजवा गुडघा वांग्यासारखा झालाय.

२५ मे

गुडघ्यावर बर्फ. गाडी डार्ला चालवतेय, मागे ट्रेलरमध्ये तिचा घोडा आणि माझी बिस्किट. डार्ला आईची जुनी मैत्रीण. वीस वर्षं याच धंद्यात आहे. सूर्यफुलाच्या बिया चावते, टरफलं खिडकीबाहेर थुंकते आणि मला अक्कल शिकवते. "रडू नकोस, ब्रिन. अख्खा मोंटाना बाकी आहे रडायला."

"माझी बिस्किट" लिहिलं खरं, पण ती माझी कुठे आहे? व्हर्लीनबाईंची आहे. मार्चमध्ये त्यांनी अंगणातच बजावलं. "एक हंगाम देते. राज्याच्या अंतिम फेरीला बाराजणी जातात. त्यांत आलीस तर पुढेही तूच बस. नाहीतर घोडी परत. माझी शेल्बी टपूनच बसलीय." शेल्बी म्हणजे नात. पंधरा वर्षांची. तिचे स्वतःचे दोन घोडे आहेत. दोन!

मला दुसरं कुठलंच जनावर नको. बिस्किट पुढून बदामी, मागे ढुंगणावर पांढरे ठिपके, जणू कुणीतरी पीठ चाळताना शिंकलंय. लोक हसतात. काल एकीने विचारलं, "गालिचा कितीला घेतलास गं?" हसा. सुटली की तिच्या अंगात काय शिरतं ते मला माहीत आहे. तिला परत द्यायचं नाही, काही झालं तरी.

७ जून

तिन्ही पिंपं उभी! तिसरी आले!! तिला अख्खं सफरचंद दिलं, मला अर्धं.

१५ जून

पाडलं. पहिलंच.

२१ जून

पुन्हा. पहिलंच. डार्लाने माझा पिवळा शर्ट पेट्रोल पंपावरच्या कचराकुंडीत टाकला. "पिवळं घालून कुणी रिंगणात जातं का, गाढवे? अपशकुन असतो तो!" आजीने दिला होता तो शर्ट. काढायला गेले तर म्हणाली, "शर्ट हवा की घोडी?" राहू दिला.

२ जुलै

ज्याला तोंड आहे तो सल्ला देतोय. लगामाची कडी बदल. खोगीर मागे सरकव. नाल ठोकणारा म्हणाला, खूर लांब ठेवलेत. ठोकून घेतले नवे. पाठ चोळणारा म्हणाला, पाठ आखडलीय. चोळून घेतली. जनावरांच्या डॉक्टरकडून पाय तपासून घेतले. पाय ठणठणीत!

दुसरं पिंप, तिसरं पिंप — दोन्हींना डावीकडे वळायचं असतं आणि तिथे ती लोण्यातून सुरी फिरावी तशी वळते. उजवीकडे वळायचं ते फक्त पहिल्याला. तिथेच काय होतं कळत नाही. सरळ अंगावर घेते पिंप.

म्हणजे बसणारीच गाढव. दुसरं काय?

५ जुलै

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या धामधुमीत एका आठवड्यात चार गावं. दोनदा पाडलं, दोनदा नाही. राज्याच्या यादीत तेरावी आहे. बारा जातात आणि मी तेरावी! बारावी ती केंड्रा, गालिचावाली.

आज एक वाईट केलं. सकाळी ट्रेलरमधून उतरताना बिस्किटचा खांदा दाराच्या कडेला दाणकन आपटला, मग तिने डार्लाच्या कुत्र्यावर पाय दिला. कुत्रं केकाटलं. सगळे बघायला लागले. मी चिडले आणि तिला चाबूक ओढला. "लक्ष कुठे असतं तुझं?" ती नुसती थरथरत उभी राहिली. मला स्वतःची किळस आली आहे.

१९ जुलै

पाठ ठेचलीय, पालथी पडून लिहितेय. अक्षर वाकडं येईल.

दुपारी शेजारच्या माणसाने आपला ट्रेलर आमच्या इतका जवळ लावला की बिस्किटच्या डाव्या अंगाला जायला जागाच उरली नाही. म्हणून तोंडाला घालायची मोरकी घेऊन उजवीकडून गेले. मानेला हात लावला मात्र — ती उसळलीच! दोर तुटला, मी पाठीवर पडले. माझ्या घोडीने, माझ्या हाताला! तान्हं पोर सांभाळावं तसं सांभाळते मी तिला, आणि ती माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघते?

मग वाटलं — बघते कुठे? तिने मला बघितलंच नव्हतं.

उठले. तिचं तोंड उन्हाकडे केलं. उजव्या डोळ्यात आत, दुधावर साय धरावी तसं काहीतरी निळसर. हात हलवला. पापणी लवली नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन हलवला, तर लगेच मिटली.

घोड्याजवळ डावीकडून जायचं. मोरकी डावीकडून, खोगीर डावीकडून, रिकिबीत पाय डावीकडून. चालायला लागले तेव्हापासून हेच शिकवलंय मला. इथे सगळ्यांनाच. आई, डार्ला, व्हर्लीनबाई, मी — आम्ही सगळ्या रोज तिच्याशी डावीकडून बोलतो, डाव्या गालाला हात लावतो. नालवाला आणि डॉक्टर खाली वाकून पाय बघत बसले. तोंड वर करून उजवीकडून कुणीच बघितलं नाही.

पहिलं पिंप उजवीकडेच असतं. आणि मी तिला मारलं.

२० जुलै

आजच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांत. बॅटरी मारून बराच वेळ बघत होत्या. "ठिपकेवाल्या घोड्यांत होतं हे. चोरपावलांनी येतं. उजवा डोळा गेल्यात जमा आहे."

"आणि डावा?"

"चांगला आहे. अजून."

पळू शकते का विचारलं. म्हणाल्या, "एका डोळ्याचे पुष्कळ पळतात. पण हिचं दुखणं आतून आहे. धूळ, ऊन, दगदग झाली तर डाव्यातही उतरू शकतं. औषध, तोंडावर जाळी, आणि विश्रांती. मालकीण तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "त्यांना मी सांगते."

२१ जुलै

व्हर्लीनबाईंना सांगायला फोन उचलला. ठेवला.

२२ जुलै

तेच.

डार्ला म्हणते, "जीभ चावून बस. हंगाम संपू दे. म्हातारी आज ऐकेल आणि उद्या ट्रेलर पाठवेल, मग बस बोंबलत." ती माझ्या भल्यासाठीच बोलते. आणि मला तेच ऐकायचं होतं, हेही खरं.

१ ऑगस्ट

दहा दिवस रिंगणात उतरले नाही. जाळी, मलम, सावली. संध्याकाळी ऊन उतरलं की तिला माळावर न्यायची, चिंध्या बांधलेल्या एका खुंट्याभोवती उजवीकडे फिरवायची. आधी चालत, मग दुडक्या चालीने. वळायच्या जरा आधी मी म्हणते, "आलं गं, बाई." इतकंच. आणि उजवा पाय तिच्या अंगाला टेकवते.

पहिले दोन दिवस ती बिचकली. तिसऱ्या दिवशी माझा आवाज ऐकला, उजवा कान मागे वळवला आणि जागच्या जागी अशी वळली की मीच पडता पडता राहिले. तिथेच तिच्या मानेवर डोकं ठेवून रडले. तिला काय, तिने गवत खाल्लं.

९ ऑगस्ट

वुल्फ पॉइंटचा रोडिओ. "आलं गं, बाई!" — पिंप हललंसुद्धा नाही! दुसरी आले!! केंड्रा मागे, मी बारावी!

डार्ला टोपी उडवून ओरडत होती. केंड्रा येऊन म्हणाली, "गालिचा उडायला लागला की." मी म्हटलं, "बस, तुलाही फिरवून आणते." हसली. वाईट नाही ती.

१६ ऑगस्ट

पुन्हा तिन्ही उभी. बारावीच आहे, पण आता घट्ट. शेवटचा रोडिओ डिलन गावात, महिनाअखेरीस. तिथे पळाले की झालं. घोडी माझ्याकडे राहील!

१७ ऑगस्ट

सकाळी जाळी काढली तर डाव्या डोळ्यातून पाणी. गालावर ओली रेघ.

धूळ असेल. कालची माती फार भुसभुशीत होती. धूळच असेल.

१८ ऑगस्ट

आजही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच औषध वाढवा, आणि धुळीत नेऊ नका." मी "हो" म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं कुणास ठाऊक.

२६ ऑगस्ट

पाणी कमी झालंय. थांबलं नाही.

डार्ला: "एक दिवस! एकच! मग तिला वर्षभर अंधारात ठेव, गादीवर ठेव." केंड्रा माझ्या अगदी मागे आहे. मी नाही पळाले तर ती पुढे. व्हर्लीनबाईंना सांगितलं तर घोडी गेली. नाही पळाले तरी गेली. पळाले तर राहते. पण आंधळी होऊन राहिली तर?

आईला फोन केला. म्हणाली, "मला नको विचारूस, बाळा. मी पळवली असती." आणि तिचा आवाज असा झाला की मला पुढचं विचारवलं नाही. आई ज्या काळ्या घोडीवर पळायची, तिचं शेवटी काय झालं, हे आमच्या घरात कुणी काढत नाही.

३० ऑगस्ट

डिलन. खोगीर घातलं. पाठीवर नंबर लावला. रिंगणाच्या दारामागच्या बोळात उभी होते. माझ्या आधी ट्रॅक्टर माती सारखी करून गेला आणि धुळीचा लोट आमच्या अंगावर आला. लोक ओरडत होते, भोंगा वाजत होता. बिस्किट नाचत होती, तिला जायचं होतं. तिला नेहमीच जायचं असतं, हीच तर पंचाईत आहे.

नाव पुकारलं माझं. तेवढ्यात तिने मान पूर्ण मागे वळवली आणि डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. डोळा गळत होता. मी काही बोलेन म्हणून थांबली होती.

उतरले. उजवीकडून उतरले, आयुष्यात पहिल्यांदा. पाय रिकिबीत अडकला आणि धडपडले. दारावरचा माणूस ओरडला, "अगं ए, तुझं नाव आहे! वेडबिड लागलंय का?"

"मी नाही पळत."

"काय?"

"नाही पळत म्हटलं ना!"

डार्ला माझ्याशी बोलत नाहीये. पण दोन्ही बादल्या तिने भरल्या आणि जाळी धुऊन आणली.

३१ ऑगस्ट

डार्लाचा घोडा तिच्याकडे उतरवून ट्रेलर व्हर्लीनबाईंच्या अंगणात लावला आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात. त्या हात खिशात घालून ऐकत होत्या.

"कळल्यानंतर किती वेळा पळवलीस?"

"दोनदा."

"हं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दार उघडलं, बिस्किटला स्वतः उतरवलं. मग वळसा घालून उजव्या बाजूला गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. हात वर केला, खाली घेतला. एवढी ताठ बाई, पण पाठीतून वाकल्यासारखी दिसली.

"माझ्याच तबेल्यात जन्मली ही," म्हणाल्या. "घरी जा, पोरी."

बिस्किटला नीट भेटूसुद्धा दिलं नाही. ट्रेलर रिकामा असला की खड्ड्यांवर फार वाजतो.

१ सप्टेंबर

डार्लाने कॉफी आणून दिली. "मूर्ख आहेस," म्हणाली. मग बाजूला बसून राहिली.

२८ सप्टेंबर

यादी लागली. केंड्रा बारावी. मी तेरावी.

९ ऑक्टोबर

धान्याच्या दुकानात कामाला लागले. पोती, पोती, पोती. शेल्बी दिसली, नवी टोपी घालून. मला बघून मान खाली घातली. तिचा राग यायला हवा होता. नाही आला. बिस्किट कशी आहे, एवढं विचारायचं होतं. तेही जमलं नाही.

३ नोव्हेंबर

बर्फ. माळावरचा खुंटा झाकून गेला. उपटून आणला नाही अजून.

१६ नोव्हेंबर

सकाळी व्हर्लीनबाईंचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"डावा डोळा कोरडा आहे. डॉक्टरीण खूश आहे. शेल्बीने काल तबेल्याच्या छपराखाली पिंपांभोवती हळूहळू नेली तिला. घोडी पहिल्या पिंपाजवळ जाते आणि उभीच राहते. टाच मारली तरी हलत नाही. उजवा कान मागे करून ऐकत बसते. तू काय म्हणतेस तिला तिथे?"

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"आलं गं, बाई," त्यांनी पुटपुटून बघितलं. मग म्हणाल्या, "ट्रेलर घेऊन ये. रिकामा."