डाव्या कुशीची गाठ

२ मार्च १९४३

सुईण आलीच नाही. संचारबंदी! माझ्या लेकीच्या, हिस्केच्या कळा वाढल्या तसे माळ्यावरून डॉक्टर तुर्क्समा स्वतःच खाली उतरले. मी नको नको म्हणत राहिले. बाह्या सरसावल्या आणि माणूस एकदम तरुण दिसायला लागला. मुलगी झाली! हिस्के जन्मली तेव्हाही हेच होते. तेव्हा ते सगळ्या गल्लीचे डॉक्टर. आता ज्यू म्हणून जर्मन त्यांना शोधताहेत.

बाळाच्या बेंबीवर पट्टा बांधला, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. डाव्या कुशीला दुहेरी गाठ.

३ मार्च

टोस्ट आणि त्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेच्या गोळ्या — आमच्याकडची रीत, बाळ पाहायला येणाऱ्यांना द्यायलाच हव्यात. नाही दिल्या तर संशय. पहिला टोस्ट माळ्यावर नेला. डॉक्टरांनी एकेक गोळी वेचून खाल्ली.

५ मार्च

घात झाला. शेजारची फूक्ये सगळ्यांच्या आधी आली. बाळाला मांडीवर घेऊन दुपटं सोडलं आणि पट्ट्याच्या गाठीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "माझ्या चौघांनाही अशीच गाठ होती गं."

सुईणीने बांधली, मी म्हटलं.

"असेल," म्हणाली.

टोस्ट आणायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात पळाले. परत आले तर बाई निघालेली, टोस्ट न खाता! तिच्या तोंडात कधी तीळ भिजलाय? पाठोपाठ बेकरीवाल्या पोस्टमाबाई — त्यांचा नवरा जर्मनांचा खबऱ्या. त्यांनीही बाळाला उघडून पाहिलं. गोड आहे म्हणाल्या.

संध्याकाळी माझा नवरा सीत्से म्हणाला, डॉक्टरांना आजच हलवायला हवं. मी अडवलं नाही. मागच्या दाराशी डॉक्टर एवढंच म्हणाले, "नाळ पडेपर्यंत पट्टा सोडू नका."

६ मार्च

कालव्याच्या पुलावर पकडलं डॉक्टरांना. अंगात सीत्सेचा कोट होता. सीत्से सकाळपासून माळ्यावर बसून आहे.

८ मार्च

फूक्ये समोरून आली. मी तोंड फिरवलं. चांडाळीण!

११ मार्च

नाळ पडली. पट्टा सोडायला घेतला. गाठ उजव्या कुशीला — एकेरी, कुणीही बांधतं तशी.

मी टोस्ट आणायला गेले तेव्हा बाळ फूक्येच्या मांडीवर होतं. पोस्टमाबाईंना डॉक्टरांची गाठ दिसलीच नव्हती. डॉक्टरांना माळा सोडून कुठेही जायची गरज नव्हती.