कुणाची तरी मैत्रीण

५ जुलै
आलो एकदाचा! चिंचोटीचं हे हॉटेल पावसाळ्यात धबधब्याच्या गर्दीपुरतं भरायचं, बाकी वर्षभर माश्या मारायचं. मी भाड्यानं घेतलं, खोल्यांत दोन-दोन खाटा टाकल्या, रिसेप्शनच्या जागी सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर केलं आणि सातिवलीत नोकरी करणाऱ्या पोरापोरींना दार उघडलं. महिनाभर राहा, वर्षभर राहा, आपलं काही म्हणणं नाही. स्वप्ना आली, आयुष आला. नंदाखालची क्लेमेंटीन, माझ्या जुन्या ओळखीची, लेकीला सोडायला आली. “दादा, ॲनिशाला तुमच्या भरोशावर ठेवते हां.” म्हटलं, बिनधास्त जा, माझे कान आहेत ना! नालासोपाऱ्यात खानावळीत वाढपी होतो तेव्हापासून नुसत्या चपलेच्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखतो.

९ जुलै
घर नांदतं झालं. स्वप्ना टाचा आपटत चालते, आयुष सपाता फरफटवतो, ॲनिशा चालतच नाही, धावते. आणखी एक पाऊल आहे. अनवाणी, ओलं, फरशीला चिकटून सुटणारं. कुणाची तरी मैत्रीण येत असेल. विचारलं नाही; हल्लीच्या पोरांना चौकशा खपत नाहीत.

१३ जुलै
चहाला विषय काढलाच. स्वप्नाला ती ॲनिशाची मैत्रीण वाटत होती, ॲनिशाला स्वप्नाची. आयुष हसला. “काय काका, सुझान तुमचीच पाहुणी ना? तिनंच सांगितलं!”
मी कुणाला ठेवलेलं नाही. मी तिला पाहिलेलंही नाही.

१४ जुलै
हॉटेलचा जुना वॉचमन सॅन्टन, त्याला गाठलं. सुझानचं नाव सांगितलं. म्हणाला, मुंबईचा एक ग्रुप उतरला होता, दोन गाड्या. धबधब्यावरून परतताना या गाडीला वाटलं सुझान त्या गाडीत आहे, त्या गाडीला वाटलं या गाडीत. घरी पोचल्यावर कळलं, ती धबधब्यावरच राहिली. तोवर पाणी चढलं होतं.
पोरांना सांगून टाकलं. स्वप्ना आणि आयुष लगेच बॅगा भरून गेले.

१५ जुलै
ॲनिशा ऐकेना. सुझानचं सामान धबधब्यावर राहिलंय, उद्या आणायला सोबत येते असा शब्द दिलाय म्हणे. बिचारीला कोणीच नाही, काका. डोळे भलतीकडेच. क्लेमेंटीनला फोन केला—सकाळी येतेय.

१६ जुलै
क्लेमेंटीननं पोरीला ओढत रिक्षात घातलं. सुटलो—

नाही. पाऊल गेटपर्यंत गेलं. रिक्षामागून—

मी ओरडलो. सुझान, तिला सोड. मी येतो सोबत.

थांबलं.

रिक्षा वळणापलीकडे गेली, नीट ऐकलं. पोर गेली.

पाऊल परत येतंय. व्हरांडा. स्वयंपाकघर. इथं—

टेबलाखाली पाणी. खांद्यावर हात, थंड, पण विचारते किती मायेनं. काका, नक्की ना. की तुम्हालाही वाटेल, मी दुसऱ्या