पडलेल्याला उठवण्याचे नियम

शनिवार, ९ जुलै १९९४

आले: अमेरिकेहून भाचा जितेंद्र याजकडून पार्सल एक. आत इंग्रजी पुस्तकं दोन (कोपरे दुमडलेली, वापरलेली दिसतात), चित्रविचित्र आकाराचे फासे सात. चॉकलेट नाही.
खर्च: कस्टमचे एकशे चाळीस रुपये पोस्टमनला रोख, वर चहा. फुकट आलेली वस्तू इतकी महाग पडल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही.

पार्सल इशिताच्या नावाने. बारावीला अकाउंट्समध्ये गेली म्हणून मामेभावाने पाठवलं. नापास झाल्याबद्दल बक्षीस देण्याची पद्धत तिकडे असेल.

निकाल लागल्यापासून पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून आहे. जेवते, पण पाहुण्यासारखी. मी तिला एक शब्द बोललेले नाही. फक्त एवढंच म्हटलं, की ज्या घरात कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा हिशेब रोजच्या रोज लागतो, त्या घरची मुलगी अकाउंट्समध्ये पडते म्हणजे कमाल आहे. पुढेही एक-दोन गोष्टी म्हणणार होते, पण हे चपला घालून खाली गेले. ऐकायला कोणी नसलं की बोलण्यात अर्थ नाही.

संकल्प: ऑक्टोबरच्या परीक्षेला तिला बसवायचंच. प्रेमाने. आरडाओरडा न करता.

गुरुवार, १४ जुलै

उपास. गुडघे दुखतात. टँकर आला नाही.

शेजारच्या शहांचा अल्पेश आणि इशिताची मैत्रीण नेत्रा येऊन बसली. नेत्रा उत्तनची, कोळ्यांची. पास झाली, तरी बोलायला साधी आहे. पार्सलातली पुस्तकं उघडून फाशांचा खेळ मांडला. फासे म्हटल्यावर मी आधी पैसे लावताय का ते विचारून घेतलं. महाभारत काय उगाच झालं? अल्पेश म्हणाला, नाही काकी, पैशाबिशाचा काम नाही, सगळा स्टोरीचा गेम आहे. तो गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. गडावर चालले, दरीत उतरले, कोणी वाट अडवली की फासा टाकायचा. प्रत्येकाला ठरावीक पॉइंट. मार लागला की कमी होतात, शून्य झाले की माणूस पडतो.

ह्या उद्योगासाठी इशिता उठून बसली. पाठ भिंतीला, तोंड माणसांकडे. मी पोहे टाकले. चौघांचे पोहे पाच जणांत बसवले. मला खेळात काडीचा रस नाही, पण घरात काय चाललंय ते आईने बघायलाच हवं, म्हणून दारात तांदूळ निवडत बसले. तेच तांदूळ दोनदा निवडून झाले.

रविवार, १७ जुलै

जे वाटत होतं तेच. पडलेल्या माणसाला उठवायला ह्यांच्यात एक मांत्रिक असतो. मंत्र म्हणायचा, फासा टाकायचा, मेलेला उभा. मी तिथल्या तिथे सांगितलं, मंत्र देवापुढे म्हणायचे असतात, सतरंजीवर नाही. ह्या घरात चेटूक चालणार नाही.

अल्पेश म्हणाला, मग आमची माणसं मरतील ना काकी. मी म्हटलं, आमच्याकडे कोणी मंत्र टाकत नाही, तरी माणसं उठतातच की. घरात कोणी तरी उठवणारं असतं. तर अल्पेशचे डोळे चमकले. म्हणाला, ये सही आहे. लीडर बनवू. लढतो कमी, बाकीच्यांना उभा करतो. मॅजिक बिलकुल नाही. पण तो बरा कसा करणार, ते तुम्ही सांगा.

म्हणजे नियम मी करायचे. आधीच घरात कामं कमी! हो म्हटलं. इशिता माझ्याकडे बघत होती. एक महिन्यानंतर सरळ बघितलं तिने.

मंगळवार, १९ जुलै

नियम, पहिला खर्डा. लीडरने पडलेल्याच्या कपाळाला अंगारा लावावा, दृष्ट काढावी. अल्पेशने वाचून मान हलवली: ये तो मॅजिक झाला. मी म्हटलं, ही श्रद्धा आहे. तो म्हणाला, काकी, नियम तुमचाच आहे ना. फार नम्र मुलगा, म्हणून उलट उत्तर जास्त लागलं. अंगारा खोडला. मीठ-मोहऱ्याही खोडल्या.

दुसरा खर्डा. हळद घातलेलं गरम दूध. नेत्रा म्हणाली, मावशी, समोर तलवारी चालल्यात आणि स्टो कोण पेटवणार? हेही खरं. शिवाय दुधाचा भाव बघता अख्ख्या सैन्याला परवडणार नाही.

शुक्रवार, २२ जुलै

विचार केला. मी विचार करायला बसले की हे रेडिओ मोठा करतात.

अल्पेशला विचारलं, ते पॉइंट म्हणजे रक्त का? तो म्हणाला, नाही, रक्त पण, दम पण, हिंमत पण. सगळा मिळून एक आकडा. मग प्रश्न सुटला. मोडलेलं हाड बोलून जुळत नाही, पण गेलेला दम बोलून येतो. इशिताच्या वेळी मी बाळंतीण असताना अंगात उठायचं त्राण नव्हतं. वॉर्डातली आया येऊन म्हणाली, चला बाई, दुसरीला खाट पाहिजे. उठले की नाही? अंगारा नाही, दूध नाही. नुसता शब्द.

म्हणजे लीडरचं औषध त्याच्या जिभेवर. कोणतं वाक्य बोलल्यावर किती पॉइंट मिळतात ते ठरवलं की झालं. ह्यात मला कोणाला विचारायची गरज नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तू बोललीस तर मेलेलाही उठेल. पळून जायला. ऑफिसची माणसं घरी विनोद करतात तेव्हा ऑफिसात काय करत असतील!

रविवार, ३१ जुलै

नियमांची परीक्षा. लीडर मी झाले. हौस म्हणून नाही, नियम ज्याने केले त्यालाच ते चालवता येतात म्हणून.

इशिताची तिरंदाज दरीत पडली. पॉइंट शून्य. मी पहिल्या प्रतीचं वाक्य टाकलं: ऊठ, बाकीचे बघ कुठल्या कुठे पोचले. अल्पेशने इशिताला विचारलं, काय वाटला? पॉइंट आला? ती म्हणाली, नाही. दुसरं टाकलं: तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं? नाही. तिसरं, राखून ठेवलेलं, सर्वांत जास्त पॉइंटचं: अशीच पडून राहिलीस तर पुढे तुझं होणार काय, ह्याचा विचार केला आहेस का?

इशिता म्हणाली, मेली ती. आणि तिरंदाजाचे पॉइंट लिहिलेला कागद फाडला.

नियमाप्रमाणे उठायलाच हवं होतं, असं मी अल्पेशला स्पष्ट सांगितलं. तो पुस्तकात काही तरी शोधायला लागला. नेत्राला अचानक बस आठवली. चिवडा तसाच राहिला, डब्यात परत भरला.

माझ्या मते फाशांतच दोष आहे. अमेरिकन फासे. त्यांना मराठी कळत नाही.

बुधवार, ३ ऑगस्ट

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मीच भरला. इशिताने नुसती सही केली. सही करताना म्हणाली, फी भर, पण मी बसेनच असं समजू नकोस. मी एक शब्द बोलले नाही. फक्त फी किती झाली ते सांगितलं. दोनदा.

संकल्प: श्रावणात मौन. निदान जेवताना.

रविवार, १४ ऑगस्ट

मौन मोडलं. कारण अगदी धार्मिक होतं.

आज लीडर नेत्रा. इशिताची नवी तिरंदाज परत पडली, ह्या वेळी समुद्रकाठी. नेत्राने काही म्हणजे काही केलं नाही. म्हणाली, मी हिला ओढून होडीच्या आड नेते आणि बाजूला बसते. अल्पेश म्हणाला, बोलणार काय? नेत्रा म्हणाली, बोलायचं काय त्यात, दमलीय ती. माझ्याकडे सुके बोंबील आहेत, ते भाजते, दोघी खाऊ.

ऐन श्रावणात! माझ्या घरात! मी आत येऊन म्हटलं, बोंबील चालणार नाहीत. अल्पेश म्हणाला, काकी, इमॅजिनरी आहेत, आणि मी तर जैन आहे, मला पण चालतात. मी म्हटलं, बोंबील खोटे असतील, श्रावण खरा आहे. शेवटी नेत्राने बोंबिलांच्या ऐवजी शेंगदाणे घेतले.

इशिता हसली. तोंडावर हात धरून, पण हसली. म्हणाली, उठते मी. अल्पेशने पाच पॉइंट दिले. पाच! माझ्या तीन वाक्यांना मिळून एक नाही, आणि शेंगदाण्यांना पाच. शिवाय ह्यात लीडरने केलं काय? नुसतं बसायला लीडर कशाला हवा?

तरी मूळ कल्पना माझी, हे विसरून चालणार नाही.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

गणपती बसले. कंबर राहिली नाही. एकवीस मोदक, त्यांतले दोन फुटले.

आरतीला मजल्यावरची सगळी माणसं. शहावहिनींनी इशिताचं विचारलं. मी म्हटलं, ऑक्टोबरला बसतेय, अभ्यास जोरात चाललाय, ह्या वेळी सत्तरच्या खाली येतच नाही. उठवायचं हेच तर माझं तंत्र आहे; चार माणसांत सांगितलं की माणसाला ते पार पाडावं लागतं. हा नियम नवीन सुचला, रात्री लिहून ठेवणार होते.

इशिता निरांजन खाली ठेवून आतल्या खोलीत गेली. प्रसादाला आली नाही. परत भिंतीकडे तोंड.

हे म्हणाले, झालं समाधान? मी विचारलं, मी काय बोलले? ते म्हणाले, तेच तर, तुला आठवतही नाही. सणाच्या दिवशी घरच्या बाईला असं बोलतात!

सोमवार, १२ सप्टेंबर

इशिताने सांगितलं, परीक्षेला बसेन, पण तोपर्यंत नेत्राकडे राहीन. उत्तनला. तिची आई जिजाबाई हो म्हणाली आहे. इथे राहिले तर बसणार नाही.

म्हणजे बसणार! शेवटी माझ्या बोलण्याचा परिणाम झालाच. उशिरा होतो, पण होतो.

बॅग मी भरली. हिशेबाच्या वह्या, स्वेटर (समुद्राचा वारा असतो), अंगाऱ्याची पुडी. अंगाऱ्याची पुडी उशीखाली ठेवून गेली. विसरली असणार.

रविवार, १८ सप्टेंबर

घर मोठं वाटतं. दोन खोल्यांचं आहे.

अल्पेश एकटाच आला. लीडरचे नियम स्वच्छ लिहून जितेंद्रला पाठवतोय. वाचून दाखवले: लीडर पडलेल्याजवळ बसला तर दम परत येतो. लीडर एकदाच बोलू शकतो. परत परत बोलला तर प्रत्येक वेळी पडलेल्याचा एक पॉइंट जातो. मी म्हटलं, शेवटच्या वाक्यात चूक आहे, जातो नाही, येतो. त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, टेस्ट करून लिहिला आहे, काकी. खाली कल्पना म्हणून माझं नाव घातलं आहे. चांगला मुलगा. लाडू दिला.

बुधवार, २१ सप्टेंबर

डबा घेऊन उत्तनला गेले. भाईंदरहून बस, धक्क्यांनी कंबर कामातून गेली. वास फार, पण दोन पावलांवर सवय होते. जिजाबाई ओट्यावर जाळं विणत होत्या. इशिता आत आहे का विचारलं, तर हाय म्हणाल्या, पन आता नका जाऊ ताय, अब्यास करते, जेवते पन बरी. डबा ठेवून घेतला. मग मान खाली घालून म्हणाल्या, पोरगी बोलली, पेपर होवस्तर आईला येव देव नका. माज्यावर रागाव नका.

मी म्हटलं, रागवायचं काय, मी सहजच आले होते, इकडे काम होतं. उत्तनला माझं काय काम असणार? जिजाबाईंनी विचारलं नाही. पाणी दिलं आणि शेजारी बसू दिलं. बरंच बसले. त्याही काही बोलल्या नाहीत. येताना बसमध्ये चढताना पाय दुखले नाहीत. वारा मोकळा होता म्हणून असेल.

सोमवार, १० ऑक्टोबर

आज अकाउंट्सचा पेपर.

ह्यांना म्हटलं, देवळात जाते. परीक्षेच्या शाळेसमोर उसाच्या रसाची गाडी आहे, तिच्या आड उभी राहिले. जाते की नाही एवढंच बघायचं होतं. सगळ्या मुली आत गेल्या. ती नाही. दोनदा घड्याळ बघितलं. तेवढ्यात रिक्षातून नेत्रा उतरली, मागून इशिता. इशिताच्या अंगात नेत्राचा पंजाबी ड्रेस. जरा सावळी झाली आहे, अंगाने भरली आहे. काही तरी बोलून दोघी हसल्या आणि ती आत गेली.

माझ्याकडे प्रसादाचा पेढा होता, आणि सांगायच्या पाच-सहा गोष्टी तयार होत्या. प्रश्न नीट वाच, वेळेकडे लक्ष ठेव, मागच्या वेळेसारखं करू नकोस. गाडीच्या मागून पुढे आले नाही. मधे रहदारी फार होती. रसवाला म्हणाला, बाई, एक ग्लास तरी घ्या, केव्हाच्या उभ्या आहात. घेतला. बर्फ न घालता.

घरी येऊन कार्ड लिहायला घेतलं. उत्तन बसने तासाभरावर, पण पेपर झाल्यावर मी तिकडे जावं की नाही ते ती काही बोललेली नाही, आणि मला परत जिजाबाईंना अवघड करायचं नाही. पहिलं कार्ड भरलं, वाचलं, फाडलं. दुसऱ्यात समासातसुद्धा जागा उरली नाही, तेही फाडलं. फुकट गेली दोन कार्डं. तिसरं टाकलं. त्याची नक्कल:

चि. इशितास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. पेपर कसा गेला, मी विचारत नाही. घरी कधी येतेस, तेही विचारत नाही. मी काहीच विचारत नाही. उत्तर मात्र उलट टपाली पाठव. — आई